दुसऱ्या पाण्याची कापी

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना अंबुजानं आपल्या आईच्या थोबाडीत मारली. आई त्र्याऐंशी वर्षांची, अंबुजा बासष्ट. कारण म्हणायचं तर एवढंच, की पितळी फिल्टरचा खालचा डबा उचलताना आईचा हात लटपटला आणि अर्धा तास थेंबथेंब उतरलेलं कॉफीचं दाट, काळं डिकॉक्शन ओट्यावरून ओघळत फरशीवर गेलं. फार आवाज झाला नाही. आईच्या गालाचं हाड अंबुजाच्या तळव्याला लागलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हाड किती वर आलंय. हात अजून हवेतच होता. तेव्हा आईनं एक गोष्ट केली. डोळ्यांवरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो ओट्याच्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, फुटणार नाही असा ठेवला. मग मान थोडी खाली घालून उभी राहिली. दुसरीची वाट पाहत.

दुसरी आली नाही. अंबुजाचा हात खाली आला आणि गाऊनला पुसला गेला. आई क्षणभर तशीच थांबली, मग संपलं हे तिचं तिलाच कळलं. फडकं घेऊन ती खाली बसली. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं ती जमिनीवर बसत नव्हती. फरशी पुसली, फडकं पिळलं, पुन्हा पुसली. "परत लावते," ती म्हणाली, "उशीर होईल मणून घाबरू नकोस." पन्नासहून जास्त वर्षं पुण्यात काढून आईच्या 'म्हणून'मध्ये ह आला नव्हता. "आई," अंबुजा म्हणाली. "दूध बघ," आई म्हणाली, "उतू जाईल."

बाथरूममध्ये जाऊन अंबुजानं नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरला. चौतीस वर्षं तिनं शाळेत गणित शिकवलं होतं. वर्गात वात्रट पोरं कमी नव्हती, पण अंबुजाबाईंनी कधी पट्टीसुद्धा उचलली नाही अशी तिची ख्याती होती. मारायचं कसं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तरी हात किती अचूक गेला होता. कोपर अंगाशी, मनगट सैल, पंजा उघडा, आणि मारण्याआधी अर्धा श्वास आत. हे सगळं ती ओळखत होती. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कितीतरी सकाळी तिनं ते पाहिलं होतं. फक्त तेव्हा तो हात तिच्या वडिलांचा, अप्पांचा असायचा.

आजचा दिवसही असा. तिच्या भावाचा, श्यामचा मुलगा आमोद. एकोणतीस वर्षांचा, हिंजवडीतली कंपनीची नोकरी सोडून त्यानं तिथंच, कंपन्यांच्या इमारतींना लागून, कॉफीचं दुकान काढलं होतं. अकरा वाजता उद्घाटन. दुकानाचं नाव 'गोपाळकृष्ण कापी', घरात कॉफीला म्हणतात तसं. गोपाळकृष्ण म्हणजे अप्पा. गेल्या आठवड्यात आमोद विश्रांतवाडीला येऊन आजीच्या पाया पडून गेला होता. "पहिली कॉफी आजीच्या हातची, आजोबांच्या फोटोसमोर ठेवायची. डिकॉक्शन घरून थर्मासमध्ये आणा हं, आत्या. ती ऑथेंटिक चव मला अजून जमत नाही." अंबुजाला रात्रभर नीट झोप लागली नाही, लग्नघरात लागत नाही तशी. पाचला उठून ती आईच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. पूड सपाट कर. चकती दाबू नकोस. पाणी मधोमध नको, कडेनं. आई साठ वर्षं हेच करत आली होती, आणि अंबुजा तिला सांगत होती. त्यानंच तर आईचा हात लटपटला.

साडेनऊला गाडी आली. दोघी मागे बसल्या, मध्ये थर्मास. आईचा डावा गाल अंबुजाच्या बाजूला होता. पावडर लावूनही त्यावर चार बोटं दिसत होती, चौथं जरा पुसट. आळंदी रस्त्यावरची गर्दी सुटली, पुढं औंधला पुन्हा अडकली. कंपन्यांच्या बसगाड्या दोन्ही बाजूंनी भिंतीसारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या काचांमागे कानात इअरफोनची बोंडं घातलेली माणसं झोपलेली दिसली. आई खिडकीबाहेर बघत होती. अंबुजाला आठवत होतं ते पुणं यातलं नव्हतं. एकाहत्तर साली, ती नऊ वर्षांची असताना, अप्पांची खडकीला सरकारी ऑफिसात बदली झाली आणि तंजावरच्या घराला कुलूप लावून ते चौघं इकडं आले. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तंजावरला गेलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. अप्पा गाडीत सांगत होते, आपण परत आपल्या गावी चाललो आहोत. पुण्यात पाय ठेवल्यावर घरमालकीणबाईंनी त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मराठीच बोलताय होय? आधी सांगायचं, म्हणजे मी लक्ष देऊन ऐकलं असतं." अप्पा हसले होते. त्या हसण्यात कानशिलाजवळची शीर उडताना अंबुजानं पाहिली. शाळेत तिला मुली इडली म्हणत. निबंधाच्या वहीत बाईंनी तांबड्या शाईनं लिहिलं होतं, 'ही कोणती भाषा?' तेव्हापासून ती गणिताकडे वळली, कारण सात पंचे पस्तीस म्हणताना कुणी हसत नव्हतं.

ऑफिसात अप्पांची नक्कल करत. ते डबा खायला बसले की कुणीतरी त्यांच्या सुरात 'ताक आहे काय ओ' म्हणे. अप्पा हे घरी कधी सांगत नसत, पण श्यामच्या मित्राचे वडील त्याच ऑफिसात होते. अप्पांकडे पुणेकरांना नावं ठेवता येणार नाहीत अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कापी. तंजावरहून मामा दर महिन्याला कच्च्या बियांचं पार्सल पाठवत. आई त्या लोखंडी कढईत भाजायची, टेबलाला आवळलेल्या यंत्रात रोज पहाटे दळायची. यंत्राची घरघर ऐकून अंबुजाला जाग यायची. पहिल्या पाण्याचं डिकॉक्शन अप्पांचं, बारा वर्षांचा झाल्यावर श्यामचंही. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतायचं, ते दुसरं पाणी बायकांचं, तांबूस आणि फिकं. अप्पा पितळी पेला उंच धरून डबऱ्यात, म्हणजे पसरट काठाच्या वाटीत, ओतत, डबऱ्यातून पुन्हा पेल्यात, फेस बघत, एक घोट घेत. त्या घोटानंतर घरात कुणी हलत नसे. मान डोलली तर दिवस सुटला. नाही डोलली तर पेला आधी भिंतीवर जाई आणि मग हात. दूध दोनदा तापलं म्हणून, पूड जाड राहिली म्हणून, फेस मोडला म्हणून. एकदा आईचा चष्मा फुटला आणि काच भुवईत गेली. आठ दिवस आई चष्म्याशिवाय तांदूळ निवडत होती आणि भातात खडे येत होते, त्याबद्दल आणखी दोनदा. त्यानंतर आई आधी चष्मा काढायला शिकली. अप्पा ती काढेपर्यंत थांबत. हे आता, बसगाड्यांच्या भिंतींमध्ये, अंबुजाला पहिल्यांदा नीट दिसलं. थांबत. म्हणजे तो राग नव्हता.

"एसी कमी करायला सांगू का?" तिनं विचारलं. "नको," आई म्हणाली. "गाल दुखतोय?" आई म्हणाली, "थर्मास आडवा होतोय. धर."

शहात्तर सालच्या पावसाळ्यात मामांचं पार्सल भिजून आलं होतं. बियांना बुरशी. आईनं अंबुजाला लष्कर भागातल्या एका दुकानातून तयार पूड आणायला पाठवलं. चौदा वर्षांच्या अंबुजाला दुकानदारानं विचारलं, पुडीत चिकोरी किती मिसळायची? तिला माहीत नव्हतं. मराठी बोलावं लागू नये म्हणून तिनं नुसतीच मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी घोट घेतला आणि पेला शांतपणे खाली ठेवला. "ही कुणी आणली?" अंबुजा दारात होती. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. आई म्हणाली, "मी." अप्पांनी शेगडीवरचं उकळतं डिकॉक्शनचं भांडं चिमट्यानं उचललं आणि आईच्या मानेवरून खाली ओतलं, पंपातून पाणी सोडावं तसं, न थांबता, भांडं संपेपर्यंत. आई ओरडली नाही. तिच्या तोंडातून हवा आत ओढल्याचा आवाज आला, फक्त आत, आत. ब्लाउज कातडीला चिकटला आणि काढताना कातडी बरोबर आली. घरभर कॉफीचा वास सुटला होता, आणि सगळ्यात भयंकर हे, की तो वास चांगला होता. श्याम खेळून आला तेव्हा त्याला तेल उडालं असं सांगितलं. त्यानं ते मानलं. आजही मानतो. अप्पांचा विषय निघाला की तो म्हणतो, "तापट होते जरा. पण चवीचा माणूस."

अप्पा त्र्याण्णवला हृदयविकारानं गेले. चौदाव्या दिवशी आईनं फिल्टर, पेला, डबरा, यंत्र, सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. ते खाली काढलं अंबुजानं. तिचं लग्न झालं नव्हतं, घर आता तिच्या पगारावर होतं. आईला तिनं काय म्हटलं होतं? बसगाड्यांची रांग पुढं सरकली आणि शब्द जसेच्या तसे आले. "अप्पांची तेवढी एकच आठवण आहे. ती पण बंद करायची?" आईनं गाठ सोडली होती. तेव्हापासून एकतीस वर्षं. शाळेतल्या बायका सुट्टीत घरी यायच्या, वाहवा करायच्या, "अंबुजाकडची कॉफी म्हणजे काय!" म्हणायच्या, आणि अंबुजाला वाटायचं की पुण्यानं अखेर आपल्याला आत घेतलं. तिनं तंजावर टिकवलं होतं, लोकांना ती तसं सांगायचीही. पहाटे पाचला उठून टिकवणारं माणूस आत ओट्याशी असायचं. पहिलं पाणी अंबुजाच्या पेल्यात, दुसरं आईच्या. हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. पहिल्या दिवशी आईनं तसं ओतलं आणि अंबुजानं पेला उचलला.

दुकान काचेचं होतं. शेदीडशे माणसं, बहुतेक तरुण, गळ्यात ओळखपत्रं लटकलेली. आतल्या भिंतीवर अप्पांचा छतापर्यंत पोचणारा फोटो, हातात पेला, चेहऱ्यावर घोट घेण्याआधीची शांती. दारातच श्यामची बायको हेमा पुढं आली. सदाशिव पेठेत वाढलेली, मोजकं बोलणारी. सासूकडे बघून ती थांबली.

"आई, गालाला काय झालं?"

"बाथरूमचं दार लागलं," आई लगेच म्हणाली. एक निमिषही गेला नाही. शेजारणींना, डॉक्टरांना, मामांना वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर नुसतं दार बदलून आलं होतं.

हेमानं गालाकडे पाहिलं, मग अंबुजाकडे. "तुमच्या दाराला बोटं आहेत वाटतं," ती म्हणाली आणि आईला हाताला धरून खुर्चीकडे घेऊन गेली.

आमोदनं माइक घेतला. त्याचं मराठी मध्येच इंग्रजीत जात होतं. तंजावर, तीनशे वर्षं, मायग्रेशन, एक फॅमिली आणि तिची कॉफी. मग म्हणाला, "माझे आजोबा मी पाहिले नाहीत. पण बाबा सांगतात, कॉफी मनासारखी नसली की आजोबा पेला डायरेक्ट भिंतीवर फेकायचे! एवढं परफेक्शन! आजी बिचारी परत करायची. बरोबर ना, आजी?" सगळे हसले. श्याम मोठ्यानं हसला. आणि आईही हसली. चार बोटं उमटलेला गाल वर गेला, डोळे बारीक झाले, ती अगदी वेळेवर, बरोबर तेवढीच हसली. अंबुजाला वाटलं, आता आपणही हसलो की झालं. सगळं जागच्या जागी बसेल. उद्या पहाटे पाचला आई उठेल.

"मी मारलं," ती म्हणाली.

आवाज लहान निघाला. पुढच्या रांगेनं वळून पाहिलं.

"आत्या?" आमोद म्हणाला. माइक त्याच्या हातात चालूच होता.

"दार नाही लागलं. सकाळी मी आईला मारलं. डिकॉक्शन सांडलं म्हणून. पेले फेकायचे ते परफेक्शन नव्हतं, आमोद. अप्पा तिला मारायचे. रोज म्हटलं तरी चालेल. उकळतं डिकॉक्शन ओतलंय त्यांनी तिच्या अंगावर. तेल नव्हतं ते, श्याम. आज मी त्यांच्यासारखंच—"

"अंबू, पाहुणे आहेत," श्याम तिचा दंड धरत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नंतर. घरी बोलू. आत चल."

आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, मग ते सोडलं आणि चार पावलं चालत आली. लोकांनी वाट दिली. अंबुजाला वाटलं, आई आता आपल्याला गप्प करणार, लोकांना सांगणार की हिची तब्येत बरी नाही. आईनं हात उचलला आणि तिच्या तोंडात मारली. जोर फारसा नव्हता. पण नख लागलं, ओठ दातावर आपटला आणि तोंडात रक्ताची चव आली. आईनं पुन्हा मारली. तिसऱ्यांदा हात उचलला तो नुसताच वर राहिला. कुणी पुढं आलं नाही. त्र्याऐंशी वर्षांत आईनं मुंगीवरही हात उगारलेला कुणी पाहिला नव्हता, आणि आता तिच्या गळ्याच्या शिरा ताठ होत्या, तोंडाच्या कडेला थुंकी आली होती.

"त्यांच्यासारखं म्हणू नकोस," आई म्हणाली. माइकमधून तिचा आवाज सगळ्या दुकानात गेला. "ते मारणार मणून मला रोज कळत होतं. तू मारशील मणून मी मनात धरलं नव्हतं."

अंबुजा उभीच राहिली. काहीतरी म्हणायला हवं होतं. चूक झाली, माफ कर, असं लोक म्हणतात. ते शब्द रक्ताबरोबर तोंडात फिरले आणि तिनं गिळले.

"आजी," आमोद हळू म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस."

"कुणी विचारलं?" आई म्हणाली. "रोज सकाळी सगळ्यांनी पेले पुढं केले. विचारलं कुणी?"

हेमानं आईची पिशवी खांद्याला लावली. "आई आमच्याकडे येतायत."

"आज?" श्यामनं विचारलं.

"आत्ता," हेमा म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. दारातून बाहेर पडताना आईनं मागं वळून पाहिलं, पण अंबुजाकडे नाही. आपला चष्मा खुर्चीवर राहिलाय का ते तिनं पाहिलं. तो डोळ्यांवरच होता. मारताना तिनं तो काढला नव्हता.

दुकान बंद पडलं नाही. आमोदनं फोटो उतरवला, नाव तेच ठेवलं, कारण बोर्ड लागून गेला होता. तो फोन करून नीट बोलला, श्यामनं मात्र केला नाही. घरी अंबुजा पहिल्या सकाळी पाचला उठली. फिल्टर घासलेला, कोरडा, उलटा ठेवलेला होता. तिनं पुडीचा डबा उघडला आणि थांबली. किती चमचे? एकतीस वर्षं ती दारात उभी राहून सूचना देत होती, पण माप तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तीन घातले. पाणी एका झटक्यात खाली गेलं आणि गढूळ पाण्यासारखं काहीतरी साठलं. दुसऱ्या दिवशी पाच घातले, ते उतरेचना. तिनं चकती दाबली, वरचा डबा ठोकला, आणि मग आपण तो ओट्यावर आपटतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. एकदा, दोनदा, पितळेला पोचा येईपर्यंत. शेजारच्या बाईंनी भिंतीवर टकटक केली. अंबुजा तिथंच फरशीवर बसली. समोर कुणी असतं तर? हा प्रश्न तिनं टाळला नाही. समोर कुणी असतं तर डबा ओट्यावर आपटला नसता. हे तिनं स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं, गणिताची पायरी लिहावी तसं, आणि त्यानं बरं वाटलं नाही. दोन आठवडे ती नुसतं गरम पाणी पीत होती. आईला फोन करावा असं रोज वाटायचं, आणि रोज कळायचं की त्यातला निम्मा भाग माप विचारण्यासाठी आहे. म्हणून केला नाही.

तिसऱ्या रविवारी ती न कळवता श्यामच्या घरी गेली. सकाळचे पावणेनऊ झाले होते. दार हेमानं उघडलं. आत ये म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

"आई?"

"झोपल्यात."

"बरं नाही का?"

"बऱ्या आहेत. रोज नऊपर्यंत झोपतात. पहिले चार दिवस पाचला उठून बसायच्या, इकडंतिकडं बघायच्या. मग पुन्हा आडव्या झाल्या. आता उठतच नाहीत." हेमा थांबली. "उठवू?"

"नको," अंबुजा म्हणाली.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं. आई कुशीवर नव्हती, पाठीवर पसरून झोपली होती, एक हात डोक्यावर, तोंड उघडं, पदर घसरलेला. मानेपासून खाली गेलेली ती जुनी, चकाकती, सुरकुतलेली कातडी उन्हात सगळी दिसत होती. एवढ्या वर्षांत अंबुजानं ती कधी पूर्ण पाहिली नव्हती. आईला उजेडात झोपलेलंही तिनं कधी पाहिलं नव्हतं. अंबुजाला जाग येण्याआधी आई उठलेली असायची, आणि अंबुजाला झोप लागल्यावर निजायची. अंबुजा उंबऱ्याच्या आत गेली नाही. हेमानं एक स्टूल आणून दिलं. ते दाराबाहेर, भिंतीला टेकवून ती बसली. हात मांडीवर होते. आत आईनं कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि परत गाढ झोपली. उठल्यावर ती बोलेल की नाही, ओळख तरी दाखवेल की नाही, हे अंबुजाला माहीत नव्हतं. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. ऊन पलंगावरून फरशीवर उतरलं. आई अजून झोपलेली होती.